एकत्र वाचणे, एकत्र पाहणे : स्त्रीवादी वाचन-चित्रपट मंडळाचा समीक्षाव्यवहार

मराठीतील स्त्रीवादी साहित्यविचाराची वाटचाल सांगताना अभ्यासक सामान्यतः दोन स्थळांचा निर्देश करतात : एक नियतकालिकांचे आणि दुसरे विद्यापीठीय चर्चासत्रांचे. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानंतर या दोन्ही स्थळी जे लेखन आणि मंथन झाले, त्याची नोंद बऱ्यापैकी झालेली आहे. याखेरीज एक तिसरे स्थळही आहे. परंतु त्याचा विचार वाङ्मयीन दृष्टीने क्वचितच होतो. दहा-पंधरा व्यक्ती, बहुधा स्त्रिया, ठरवून एखादे पुस्तक वाचतात, एखादा चित्रपट पाहतात आणि नंतर एकत्र बसून त्यावर बोलतात. महाविद्यालयाच्या रिकाम्या वर्गात, सार्वजनिक ग्रंथालयाच्या वाचनकक्षात किंवा कोणाच्या तरी घरी अशी मंडळे चालतात, काही काळाने थांबतात, पुन्हा नव्याने सुरू होतात. त्यांची इतिवृत्ते सहसा मागे राहत नाहीत. मराठी विभागांच्या लेखी ती 'पूरक उपक्रमां'च्या रकान्यात जमा होतात. संशोधन, अध्यापन आणि समीक्षा हे गंभीर व्यवहार, आणि मंडळ म्हणजे त्यांच्या कडेने चालणारी हौस, अशी ही विभागणी आहे.

ही विभागणी तपासून पाहणे आवश्यक आहे. स्त्रीवादी वाचन-चित्रपट मंडळ हा समीक्षेचाच एक व्यवहार आहे. मात्र केवळ एकत्र जमल्याने तो समीक्षा ठरत नाही. जमलेल्यांचे मतैक्य हेच ज्या मंडळाचे साध्य होते, ते सभासदांना सोबत देते, धीर देते; पण वाचन पुढे नेत नाही. मतभेद झाल्यानंतर सभासदांना पुन्हा पुस्तकाच्या पानाकडे आणि चित्रपटाच्या दृश्याकडे जावयास लावणारी शिस्त जेथे असते, तेथेच मंडळाला समीक्षेचे मोल प्राप्त होते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. पूर्वपरंपरा

स्त्रियांनी एकत्र येऊन ग्रंथ ऐकणे ही महाराष्ट्रात नवी गोष्ट नव्हे. चातुर्मासात पोथी लावण्याची रीत, देवळातील पुराण आणि कीर्तन यांमधून अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांपर्यंतही ग्रंथ पोहोचत होता. परंतु त्या रचनेत वाचणारा एक आणि ऐकणाऱ्या अनेक असत. ऐकलेल्या कथेविषयी माजघरात जे बोलले जाई, ते पोथीपर्यंत परत जात नसे. श्रोत्या स्त्रीला प्रतिसाद होता; त्या प्रतिसादाला व्यासपीठ नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही रचना बदलू लागली. १८८२ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ताराबाईंच्या पुस्तकाकडे बहुधा सामाजिक निबंध म्हणून पाहिले जाते. ते एका वाचक स्त्रीचे पुस्तकही आहे. पुराणकथांनी आणि समकालीन लेखनाने रंगविलेली स्त्री त्यांनी वाचली आणि तिच्याविषयी जाब विचारला. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू उचलून धरली. तथापि त्यानंतर हे पुस्तक मराठी वाचकांच्या स्मरणातून जवळजवळ नाहीसे झाले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुनःप्रकाशित केले, तेव्हाच त्याची चर्चा नव्याने सुरू झाली. मूळ प्रकाशन आणि हे पुनःप्रकाशन यांत ९३ वर्षांचे अंतर आहे. या विस्मरणाची कारणे अनेक असतील. त्यांपैकी एक असे की, या एकट्या वाचकाभोवती तिचे म्हणणे उचलणारे, त्याच्याशी वाद घालणारे, ते पुढच्या पिढीच्या हाती देणारे वाचकमंडळ नव्हते. पुस्तक छापले गेल्याने टिकतेच असे नाही. त्याविषयी बोलणाऱ्यांची साखळी असावी लागते.

विसाव्या शतकात ही साखळी काही प्रमाणात नियतकालिकांनी जोडली. १९३० मध्ये सुरू झालेले किर्लोस्करांचे 'स्त्री' मासिक आणि १९८९ मध्ये विद्या बाळ यांनी सुरू केलेले 'मिळून साऱ्याजणी' यांच्या भोवती वाचक स्त्रियांचा जो परिवार निर्माण झाला, तो या परंपरेतील महत्त्वाचा टप्पा होय. आजच्या मंडळांचा वारसा शोधायचा तर तो परदेशातील वाचनगटांइतकाच या परिवारात शोधावा लागेल.

२. पुस्तक आणि चित्रपट : जोडीने वाचण्याचे प्रयोजन

मंडळाने पुस्तकांबरोबर चित्रपटही का घ्यावेत, हा प्रश्न रास्त आहे. चित्रपट सोपा असतो, न वाचणाऱ्यांनाही येता येते, हे उत्तर नेहमी दिले जाते. ते निराधार नाही. सुमित्रा भावे समाजकार्य आणि संशोधनाच्या क्षेत्रातून चित्रपटाकडे वळल्या आणि पुण्यातील झोपडवस्तीतील स्त्रीजीवनावर १९८५ मध्ये त्यांनी 'बाई' हा लघुपट केला, त्यामागे ज्या स्त्रियांविषयी अभ्यास करायचा त्यांच्यापर्यंत तो अभ्यास पोहोचला पाहिजे, ही तळमळ होती. परंतु मंडळाच्या दृष्टीने चित्रपटाचे खरे प्रयोजन याहून वेगळे आहे. एकच जीवनकथा शब्दांतून आणि दृश्यांतून आली की दोहोंमधली फट दिसू लागते. काय गाळले, काय वाढविले, कोणाच्या नजरेने सांगितले, हे प्रश्न तुलनेतून आपोआप उभे राहतात. त्यासाठी समीक्षेची परिभाषा आधी शिकवावी लागत नाही.

हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' हे १९७० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेले आत्मकथन आणि त्यावर आधारित श्याम बेनेगल यांचा १९७७ चा 'भूमिका' हा चित्रपट ही या दृष्टीने अभ्यासण्याजोगी जोडी आहे. मूळ पुस्तकाचे शीर्षक १९५९ च्या ज्या चित्रपटावरून घेतले, त्यात वाडकरांनीच काम केले होते. म्हणजे अभिनेत्रीने आपल्या आयुष्याला आपल्याच चित्रपटाचे नाव दिले आणि त्या आयुष्यावर पुन्हा चित्रपट झाला. पुस्तकाचे शब्दांकन अरुण साधू यांचे. तेव्हा पहिलाच प्रश्न असा येतो की, हे आत्मकथन कोणाचे? सांगणारी स्त्री आणि लिहिणारा पुरुष यांच्यामध्ये वाक्याची ठेवण कोणाची, मौन कोणाचे? मंडळात हा प्रश्न विचारला गेला की 'आत्मकथन म्हणजे अनुभवाचा थेट उद्गार' ही समजूत आपोआप ढिली पडते.

चित्रपटाकडे आल्यावर प्रश्नाचे स्वरूप बदलते. स्मिता पाटील यांच्या अभिनयाने 'भूमिका'तील उषा अविस्मरणीय झाली; या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तरीही पुस्तकातील बोलणारी बाई आणि चित्रपटातील दिसणारी बाई यांत अंतर पडतेच. पुस्तकात वाडकर स्वतःच्या हट्टांविषयी, चुकांविषयी, व्यसनाविषयी ज्या सपाट, बेपर्वा सुरात बोलतात, तो सूर आपली दया येऊ देत नाही. चित्रपटातील उषेला मात्र प्रेक्षकाची सहानुभूती मिळते, आणि सहानुभूती मिळताच ती काही अंशी आपल्या ताब्यात येते. हे मत सर्वांना पटेल असे नाही. चित्रपटानेच तिला एकटे राहण्याचे धैर्य दिले, असेही कोणी म्हणेल. मंडळाचे काम येथूनच सुरू होते. दोघींपैकी प्रत्येकीने आपल्या म्हणण्यासाठी पान काढून दाखवावे, दृश्य पुन्हा लावून दाखवावे.

पुस्तक व चित्रपट यांच्या अशा एकत्र वाचनाचा अभ्यास अन्यत्रही झाला आहे. ॲलिस वॉकर यांच्या १९८२ च्या 'द कलर पर्पल' या कादंबरीवर स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९८५ मध्ये चित्रपट केला. त्यातील कृष्णवर्णीयांच्या चित्रणावर अमेरिकेत कठोर टीका झाली. जॅकलिन बोबो यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गटांशी बोलून १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून वेगळेच चित्र पुढे आले. या स्त्रियांपैकी अनेकींनी चित्रपटातील उणिवा ओळखूनही त्यातून स्वतःला हवा तो अर्थ काढून घेतला होता आणि कादंबरीकडे त्या नव्याने वळल्या होत्या. समीक्षकाने सदोष ठरविलेल्या कलाकृतीतूनही वाचक-प्रेक्षक स्त्री अर्थ निर्माण करते, हा त्या अभ्यासाचा मराठी अभ्यासकांनी घ्यावा असा धडा आहे. हा अर्थ कळला तो कलाकृतीच्या विश्लेषणातून नव्हे, स्त्रियांनी एकत्र बसून केलेल्या बोलण्यातून.

३. मतभेद हीच सामग्री

मंडळातील मतभेद म्हणजे व्यत्यय नव्हे, ती चर्चेची मुख्य सामग्री होय, हे स्पष्ट करण्यासाठी प्रभातच्या 'कुंकू'चे उदाहरण घेता येईल. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी १९३७ मध्ये हा चित्रपट केला. फसवून वयस्क विधुराशी लग्न लावलेली नीरा या लग्नाला मनाने संमती देत नाही. घरात राहून ती नकार जगते. शांता आपटे यांनी उभी केलेली ही नीरा मराठी पडद्यावरील बंडखोर स्त्रियांमध्ये अग्रस्थानी मानली जाते. काकासाहेबांच्या मुलीची, समाजकार्यकर्त्या सुशीलेची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. प्रत्यक्ष जीवनातही त्या संततिनियमनाच्या चळवळीत अग्रेसर होत्या.

हा चित्रपट मंडळात दाखविला की प्रारंभी मतैक्य असते : नीरा धाडसी आहे. शेवटापाशी मात्र ते मोडू शकते. काकासाहेब आपली चूक उमगून आत्महत्या करतात आणि नीरेची वाट मोकळी होते. ही मोकळीक नीरेच्या नकारातून आली की काकासाहेबांच्या उदारपणातून? तिने मिळविलेला विजय अखेर त्यांच्या त्यागाच्या खात्यावर जमा होतो काय? की एका स्त्रीच्या नकाराने पुरुषाचे मन बदलू शकते हेच १९३७ च्या प्रेक्षकांना सांगणे क्रांतिकारक होते? दोन्ही वाचनांना चित्रपटात आधार आहे. कोणते खरे, हे मताला टाकून ठरविण्याचे मंडळाला कारण नाही. दोन्ही आधार नेमके कोठे आहेत, हे शोधणे मंडळाला शक्य आहे.

अशा वेळी तिसरी संहिता चर्चेत आणल्यास वाद अधिक खोल जातो. नीरेची भूमिका करणाऱ्या शांता आपटे यांनी १९३९ मध्ये प्रभात स्टुडिओच्या दाराशी उपोषण केले होते. प्रश्न त्यांच्या कराराचा होता. पुढे १९४० मध्ये 'जाऊ मी सिनेमात?' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पडद्यावर नकार देणारी नायिका आणि स्टुडिओच्या दाराशी अन्न नाकारून बसलेली वेतनदार नटी या दोघी एकाच शरीरात होत्या. पडद्यावरच्या नकाराचे ज्यांनी कौतुक केले, त्यांनी दारातल्या नकाराकडे कसे पाहिले असेल? हा प्रश्न केवळ चित्रपटाच्या संहितेतून उद्भवत नाही. कादंबरी, चित्रपट आणि नटीचे पुस्तक हे तिन्ही शेजारी ठेवल्यावर उद्भवतो. मराठी समीक्षेने लेखिकेच्या श्रमाचा विचार काही प्रमाणात केला. अभिनेत्रीच्या श्रमाचा फारसा केला नाही. ज्या व्यासपीठावर पुस्तक आणि चित्रपट यांची सीमा मुळातच पुसट असते, तेथे हा विचार अधिक सहजपणे होऊ शकतो.

४. कोण बोलते, कोणाविषयी

आतापर्यंतच्या विवेचनातून मंडळाचे चित्र काहीसे निर्वेध वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. जमलेल्या सर्व स्त्रिया आहेत म्हणून त्या समान भूमीवर आहेत, हे गृहीतक मंडळाच्या मुळावर येणारे आहे.

शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरील, विजय तेंडुलकर यांची पटकथा असलेला, जब्बार पटेल दिग्दर्शित 'उंबरठा' (१९८२) याच्या चर्चेत हे विशेष स्पष्ट होते. सुलभा महाजन घर, पती आणि लहान मुलगी यांना सोडून महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. चर्चेचा ओघ बहुधा तिच्या उंबरठा ओलांडण्याकडेच वाहतो : आईने मूल सोडून जावे का, पतीने वाट पाहिली असती का, परत येणे हा पराभव आहे का. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण सुधारगृहातील स्त्रियांनी कोणता उंबरठा ओलांडलेला आहे? त्यांना परत जाण्यासाठी घर आहे काय? त्यांच्या कहाण्या सुलभेच्या जागृतीची पार्श्वभूमी म्हणून येतात की त्यांना स्वतःचे स्थान आहे? तेथील दोन स्त्रियांच्या परस्परसंबंधाकडे चित्रपट ज्या रीतीने पाहतो, तीही आज पुन्हा तपासावी लागेल. नोकरी करणाऱ्या, सुशिक्षित स्त्रियांचे मंडळ सुलभेमध्ये स्वतःला पाहते, हे स्वाभाविक आहे. आपण जिला पाहिले नाही ती चौकटीत कोठे उभी होती, हे त्याच मंडळाने शोधणे ही समीक्षा आहे.

शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची जी मांडणी केली आणि २००६ मध्ये दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरील ग्रंथातून ती विस्तारली, तिचा मंडळाच्या व्यवहाराशी थेट संबंध आहे. 'स्त्री' हा सर्वसमावेशक शब्द वापरताना कोणती स्त्री डोळ्यांसमोर असते, हा त्या मांडणीचा प्रश्न पुस्तकांच्या निवडीलाही विचारावा लागतो. वर्षभराच्या यादीत एक दलित आत्मकथन घेतले की कर्तव्य पार पडले, असे मानणारे मंडळ निवडीचा प्रश्न सोडवीत नाही, तो झाकते. त्या एका बैठकीत उपस्थित दलित विद्यार्थिनीकडे सर्वांनी 'तुझा अनुभव सांग' अशा नजरेने पाहिले, तर वाचन थांबते आणि साक्ष सुरू होते. तिला साक्षीदाराच्या जागी बसविले जाते. वाचकाची जागा इतर जणी स्वतःकडे राखतात. मग पुढच्या बैठकीला ती आली नाही, तर तिच्या न येण्याचे कारण 'अभ्यास वाढला' असे नोंदविले जाते.

बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'चे वाचन या संदर्भात फार काही शिकविणारे ठरते. फलटणला छोटे दुकान चालविताना बांधणीसाठी आलेल्या रद्दीतील वर्तमानपत्रांचे कागद त्या वाचीत असत. लिहिलेली पाने त्यांनी कित्येक वर्षे घरातल्यांच्या नजरेपासून लपवून ठेवली. पुढे मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते लेखन १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. पुस्तकाच्या शीर्षकातील बहुवचन अर्थपूर्ण आहे. ही एका व्यक्तीची कथा म्हणून वाचू पाहणाऱ्याला ती पानोपानी समूहाकडे नेते. मध्यमवर्गीय वाचक स्त्री आत्मकथनात 'मी' शोधते. येथे तिला 'आम्ही' भेटते आणि त्या 'आम्ही'मध्ये आपण नाही, हेही तिला कळते. अशा वेळी मंडळाने घाईने 'शेवटी सर्व स्त्रियांचे दुःख एकच' या वाक्याचा आसरा घेऊ नये. ते वाक्य दिलासा देते; परंतु पुस्तक बंद करते.

आणखी एक प्रश्न येथे संभवतो. वर उल्लेखिलेल्या कथांना चित्रपट लाभले. 'जिणं आमुचं'ला अशा जोडीचा चित्रपट नाही. कोणत्या स्त्रीजीवनाला पडदा मिळतो आणि कोणते पानावरच राहते, हा प्रश्नही जोडीने वाचण्याच्या पद्धतीतूनच पुढे येतो. जोडीतील रिकामी जागा हीही वाचण्याची गोष्ट आहे.

५. संचालनाचे प्रश्न

वरील विवेचन मान्य केल्यास मंडळाचे संचालन ही केवळ व्यवस्थेची बाब उरत नाही. पुस्तक कोणी निवडायचे, आधी कोणी बोलायचे, टिपण कोणी ठेवायचे, या प्रत्येक निर्णयात सत्तेचा प्रश्न असतो आणि म्हणून समीक्षेचाही.

पहिली गोष्ट निवडीची. निवड एकाच प्राध्यापकाकडे राहिल्यास मंडळ हा दुसरा वर्ग होतो. बहुमतावर सोडल्यास परिचित आणि नुकतेच गाजलेले तेवढेच येत राहते. पाळीपाळीने प्रत्येक सभासदाने एक पुस्तक किंवा एक जोडी सुचवावी, निवडीचे कारण आधी लिहून द्यावे आणि त्या बैठकीत तिने अध्यक्षपद घेऊ नये, ही रीत अधिक हितकर होय. जिने पुस्तक निवडले तिनेच चर्चा चालविली, तर प्रतिकूल मत उच्चारणे हा तिचा अवमान वाटू लागतो.

दुसरी गोष्ट बोलण्याच्या क्रमाची. साठ-सत्तरच्या दशकांतील अमेरिकन स्त्रीमुक्ती चळवळीतील गटांनी प्रत्येकीने पाळीने बोलण्याची पद्धत अवलंबिली, तिच्यामागे बोलक्यांच्या वर्चस्वाला आळा घालण्याचा हेतू होता. मंडळातही पहिली फेरी अशी असावी. मात्र त्या फेरीत मत न मागता पुस्तकातील एक जागा अथवा चित्रपटातील एक दृश्य मागावे. जागा दाखविणाऱ्या नवख्या विद्यार्थिनीचे बोलणे आणि सिद्धान्त जाणणाऱ्या अध्यापिकेचे बोलणे त्यामुळे एका पातळीवर येते.

तिसरी गोष्ट अनुभवकथनाची. स्त्रीवादी वाचनातून अनुभव वगळणे शक्य नाही आणि इष्टही नाही. पुस्तक वाचून एखादीला स्वतःच्या घराविषयी बोलावेसे वाटले, तर तिला थांबविणे हा अन्याय ठरेल. तिने सांगितलेले बाहेर जाणार नाही, ही हमी मंडळाने पाळलीच पाहिजे. तथापि अनुभव सांगून झाल्यावर 'मग या पुस्तकात हे कोठे येते आणि कोठे येत नाही?' हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. अनेकदा 'येत नाही' हेच उत्तर सर्वांत मोलाचे असते.

चौथी गोष्ट इतिवृत्ताची. जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मध्ये प्रणयकादंबऱ्या वाचणाऱ्या अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा वाचलेली संहिता आणि वाचण्याची कृती या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात, हे त्यांच्या लक्षात आले. घरकामातून काढलेला तो वेळ हाच त्या स्त्रियांच्या दृष्टीने अर्थपूर्ण होता. मराठी वाचक स्त्री काय वाचते याची माहिती ग्रंथालयांच्या नोंदवहीतून मिळेल. ती कशी वाचते याची साधने मात्र तुटपुंजी आहेत. व्यक्तींची नावे वगळून, कोणत्या जागेवर कोणते मतभेद झाले एवढेच नोंदविणारे इतिवृत्त ठेवले, तर उद्याच्या संशोधकाला ते उपयोगी पडेल.

व्यवहाराची एक बाब येथे नोंदविणे उचित होईल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ अन्वये शिक्षणसंस्थेच्या कार्यक्रमात, प्रेक्षक संस्थेचे अध्यापक, कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती एवढ्यांपुरतेच मर्यादित असतील, तर चित्रपट दाखविण्यास मुभा आहे. खुल्या सार्वजनिक खेळासाठी मात्र हक्कधारकाची परवानगी हवी. आज हातातील फोनवर चित्रपट सहज मिळतो, मग एकत्र कशासाठी पाहायचा, असेही विचारले जाते. एकटीने पाहिलेला चित्रपट हवा तेथे थांबविता येतो, नको तो भाग पुढे सारता येतो. एकत्र पाहताना नकोसे दृश्यही पाहावे लागते, आणि शेजारची हसली तेथे आपण का हसलो नाही, हेही कळते.

६. आक्षेपांचा विचार

अशा मंडळांवर घेतला जाणारा पहिला आक्षेप साहित्याच्या स्वायत्ततेचा आहे. स्त्रीवादी भूमिका घेऊन वाचल्यास कलाकृती ही भूमिकेचे उदाहरण होऊन बसते, असे म्हटले जाते. आक्षेपात तथ्य आहे. पण त्याचा रोख चुकीच्या जागी आहे. कलाकृती उदाहरणापुरती उरते ती भूमिकेमुळे नव्हे, तर निष्कर्ष आधी ठरल्यामुळे. आणि असे निष्कर्ष रूपवादी वाचनातही आधी ठरलेले असू शकतात. मतभेदाला जागा देणारे आणि दर वेळी संहितेकडे परतणारे मंडळ या दोषावरचा उपाय आहे.

दुसरा प्रश्न पुरुषांच्या सहभागाचा. सहशिक्षणाच्या महाविद्यालयांत त्यांना वगळणे उचित नाही आणि आवश्यकही नाही. त्यांनी वाचक म्हणून यावे. परीक्षक म्हणून येऊ नये. 'कुंकू'तील काकासाहेबांविषयी वाटणारी सहानुभूती एखाद्या विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे मांडली, तर तीही चर्चेची सामग्रीच आहे.

तिसरा धोका अधिक जवळचा आहे आणि तो हितचिंतकांकडून येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर श्रेयांकांची जी नवी रचना आली, तिच्यात अशा उपक्रमांनाही श्रेयांक द्यावेत, म्हणजे विद्यार्थिनी नियमित येतील, अशी सूचना पुढे येऊ शकते. तिचा मोह होणे समजण्यासारखे आहे. परंतु मंडळांनी ती स्वीकारू नये. गुण देणारी व्यक्ती समोर बसली की विद्यार्थिनी तिला रुचेल असे वाचू लागते. हजेरी वाढेल, मतभेद संपतील. अभ्यासक्रमात स्त्रीवादी समीक्षेची पत्रिका असावी, तिची परीक्षाही व्हावी. पण विद्यार्थिनीला चुकीचे बोलण्याची, अर्धवट बोलण्याची, पुढच्या महिन्यात मत बदलण्याची मोकळीक देणारी एक जागा अभ्यासक्रमाबाहेर शिल्लक राहणे तितकेच आवश्यक आहे.

सारांश, विभागांनी मंडळाला खोली, ग्रंथालयातील प्रती आणि महिन्यातील एक दुपार द्यावी. त्याच्याकडून अहवालातील छायाचित्राची अपेक्षा करू नये. मंडळाची कसोटी सभासदांच्या संख्येने लागत नाही. एखाद्या पुस्तकावरून तीव्र वाद झाल्यानंतर, विशेषतः जिचे म्हणणे एकटे पडले ती सभासद पुढील बैठकीला पुस्तक घेऊन आली की नाही, यावर ती लागते. ती येत असेल, तर तेथे समीक्षा चालू आहे असे खुशाल समजावे.